सांभाळणाऱ्यांचा सांभाळ

अपंग मूल मोठे होते, त्याचे वजन ५०-६० किलोवर जाते आणि तोवर त्याला उचलणाऱ्या आईची कंबर झिजून गेलेली असते. साठी ओलांडलेले आई-वडील आणि तिशी-चाळिशीतला, आधाराशिवाय जगू न शकणारा मुलगा किंवा मुलगी, अशा घरात मदतीची गरज दोन्ही पिढ्यांना एकदमच पडू लागते. मुलासाठी दाखले, पेन्शन, औषधे यांची थोडीफार तजवीज आज सरकारदरबारी आहे. सांभाळणाऱ्यांच्या प्रकृतीची चौकशी मात्र फारसे कोणी करत नाही आणि ते स्वतःही करत नाहीत.

ही परिस्थिती तशी अलीकडची आहे. दोन पिढ्यांपूर्वी गंभीर सेरेब्रल पाल्सी किंवा वारंवार झटके येणारी मुले बहुधा बालपणीच न्यूमोनियाने, जुलाबाने किंवा झटक्यातच दगावत. लसी, प्रतिजैविके आणि फिट्सच्या गोळ्या खेड्यापर्यंत पोहोचल्या तशी ही मुले जगू लागली, मोठी होऊ लागली. प्रगत देशांत डाऊन सिंड्रोम असलेली माणसे आता साठीपर्यंत जगतात. त्यांच्यात चाळिशीनंतर थायरॉइडचे विकार आणि विसराळूपणाची लक्षणेही लवकर दिसतात. म्हणजे मुलाचे म्हातारपण लवकर येते आणि आई-वडिलांचे वेळेवर येते. आपल्यामागे मूल जगणार आहे, हे गृहीत धरून वागावे लागणारी आई-वडिलांची ही पहिलीच मोठी पिढी आहे.

जोयडा तालुका आणि घरची काळजी

दुर्गम भागात हा प्रश्न कसा दिसतो ते जोयड्यात पाहता येते. जोयडा हा कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा आणि सर्वांत विरळ वस्तीचा तालुका. लोकसंख्या सुमारे ५० हजार आणि तीही जंगलात विखुरलेल्या वाड्यांवर. पूर्वी तालुक्याचे नाव सुपा होते. काळी नदीवर गणेशगुडीला धरण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि विस्थापितांची मोठी वसाहत रामनगरला झाली. कुणबी, मराठा, धनगर-गवळी, सिद्दी अशा समाजांचा हा मुलूख. घरात कोकणी किंवा मराठी आणि कचेरीत कन्नड, ही इथली रोजची रीत. साठीच्या पुढच्या कित्येक बायांना तिन्हींपैकी एकही भाषा वाचता येत नाही.

घरच्या काळजीच्या दृष्टीने या भूगोलाचे तीन परिणाम होतात. पहिला अंतराचा. मोठे सरकारी रुग्णालय गाठायचे तर कारवार, धारवाड किंवा हुबळी गाठावी लागते आणि वाडीपासून बसथांब्यापर्यंतची पायवाट वेगळी. दुसरा पावसाचा. अणशी आणि कॅसलरॉकच्या पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की ओढे भरून वाडी तुटते आणि घाटात दरड आली की तालुकाच एका बाजूने बंद होतो. तिसरा परिणाम माणसांचा. तरुण मुले कामासाठी गोव्यात जातात, थोडी दांडेलीच्या रिसॉर्टांत लागतात. अपंग भावाला उचलायला ज्याचे खांदे उपयोगी पडले असते, तो भाऊ फोंड्याला किंवा वेर्ण्याला असतो आणि गणपतीला घरी येतो.

कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता आणि तालुका पातळीवर बहुविध पुनर्वसन कार्यकर्ता अशी मानधनावरची रचना आहे. हे कार्यकर्ते स्वतःही अपंग असतात. वाडीवस्तीवरच्या अशा घरांत सर्वाधिक पाय त्यांचे आणि आशा कार्यकर्तींचे पडतात. त्यांच्या कामात एक अनुभव पुन्हा पुन्हा येतो. मुलाची चौकशी केली की आई अर्धा तास बोलते: झटका कधी आला, पोट कधी साफ झाले, कुठली गोळी संपत आली. तिची स्वतःची चौकशी केली की उत्तर तीन शब्दांत संपते: “मला काय झालंय?” कार्यकर्ता उठून निघाला, पडवीपर्यंत आला, की मग मागून हळूच कळते की डोळ्यांनी नीट दिसत नाही, गुडघा सुजला आहे, किंवा बाईमाणसाला सांगता न येणारे काही दुखणे आहे.

मोतीबिंदूचे उदाहरण या सगळ्याचे मूळ दाखवते. शस्त्रक्रियेला अर्धा तासही लागत नाही, शिबिरात ती फुकट होते, ने-आण करणारी गाडीही मिळते. तरीही अशी आई ती वर्षानुवर्षे पुढे ढकलते, कारण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही असे डॉक्टर बजावतात. तेवढे दिवस मुलाला कोण उठवणार? तिच्याकडे नसतो तो दुसरा माणूस. पाठदुखी, झोप, स्वतःची औषधे, मनावरचा ताण, भविष्याची चिंता यांतला कुठलाही प्रश्न सोडवायला घेतला की वाट शेवटी तिथेच येते. म्हणून अशा आई-वडिलांच्या बाबतीत स्वतःची काळजी घेणे याचा व्यवहारातला अर्थ असा: मुलाची काळजी दुसऱ्याला घेता येईल अशी तिची मांडणी करणे. विश्रांती, उपचार, मन मोकळे करणे हे सारे त्यानंतर शक्य होते.

शरीर: उचलण्याची रीत

सर्वांत आधी झिजते ते शरीर. जमिनीवर अंथरलेल्या गोधडीवरून प्रौढ मुलाला उचलून न्हाणीपर्यंत नेणे हे दिवसाचे सर्वांत जड काम. बहुतेक आया ते कमरेतून वाकून, मुलाच्या काखेत हात घालून, एका हिसक्यात करतात. त्यात मणक्यावर ताण येतो आणि मुलाचा खांदाही निखळू शकतो. यावर उपाय साधे आहेत आणि ते घरातल्याच वस्तूंनी होतात.

पहिला उपाय म्हणजे मुलाला जमिनीवरून खाटेवर आणणे. खाटेच्या चार पायांखाली सारखे दगड किंवा लाकडी ठोकळे घालून ती आईच्या कमरेच्या उंचीवर आणली की दिवसातले निम्मे वाकणे संपते. पडण्याची भीती असेल तर एक बाजू भिंतीला लावून दुसरीला फळी ठोकतात. दुसरा उपाय उचलण्याऐवजी सरकवण्याचा. मुलाला कुशीवर वळवून त्याच्याखाली जाड चादर घालायची, पुन्हा उताणे करायचे आणि दोघांनी दोन बाजूंनी चादरीच्या कडा मुठीत गुंडाळून त्याला अंगाजवळ ओढून घ्यायचे. तिसरा उपाय कमरपट्ट्याचा. जुन्या लुगड्याची चौपदरी घडी मुलाच्या कमरेभोवती घट्ट बांधली की पकड मिळते. उठवणाऱ्याने गुडघ्यात वाकावे, पाठ सरळ ठेवावी, मुलाला छातीशी घ्यावे, “एक, दोन, तीन” असे मोठ्याने म्हणावे आणि तिनाला पायांच्या जोरावर उठावे. मोजणे मुलासाठीही असते. पुढे काय होणार हे कळले की त्याचे अंग कमी आखडते आणि तोही जमेल तेवढा जोर लावतो.

न्हाणीत बसण्याची प्लास्टिकची खुर्ची, तिच्या मधोमध कापलेले भोक आणि खाली बादली, एवढ्याने शौचाचा प्रश्न बराच हलका होतो. जोयड्यात याला आणखी एक कारण आहे. रात्री शौचाला घराबाहेर जाणे म्हणजे अस्वलाच्या वाटेवर जाणे. म्हातारी आई मुलाला धरून अंधारात परसात उतरते तेव्हा जीव दोघांचाही धोक्यात असतो. घरात, आडोशाला ठेवलेली अशी खुर्ची दोघांचेही रक्षण करते.

वर्षानुवर्षे ओझे उचलण्याचा एक परिणाम बायका शेवटपर्यंत लपवतात. अंग बाहेर येणे, म्हणजे गर्भाशय खाली सरकणे, हा बाळंतपणांमुळे सैलावलेल्या स्नायूंवर रोजचा भार पडून बळावणारा विकार आहे. लघवी थांबत नाही, चालताना ओढल्यासारखे होते, आणि हे सांगायचे कुणाला म्हणून बाई गप्प राहते. सुरुवातीच्या अवस्थेत स्नायू आवळण्याच्या व्यायामाने फरक पडतो, पुढे डॉक्टर आत बसवतात ती कडी उपयोगी पडते आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेने तो बरा होतो. वडिलांमध्ये तसाच लपवला जाणारा विकार हर्नियाचा. दोन्हीबद्दल घरी येणाऱ्या आशाताईने नाव घेऊन विचारले तरच उत्तर मिळते; मोघम विचारले तर कधीच मिळत नाही.

झोप, औषधे आणि पावसाळा

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशी बदलून द्यावी असे शास्त्र सांगते. हे दिवसा जमते. रात्री एकाच माणसाने ते केले तर त्याची सलग झोप होतच नाही, आणि तुटलेल्या झोपेने रक्तदाब व साखर चढते, चिडचिड वाढते. उपाय वाटणीचा: मध्यरात्रीपर्यंत वडिलांनी जागायचे, पहाटेचा भाग आईने घ्यायचा, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपायचे. हवेची गादी मिळाली तर कुशी बदलण्यातले अंतर थोडे वाढवता येते. घरात एकच पालक उरला असेल तर आठवड्यातून एक-दोन रात्री तरी पुतण्या, भाचा किंवा शेजारी सोबतीला येईल अशी बोली करणे हे औषधाइतकेच गरजेचे ठरते.

रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. अडचण गोळ्या आणायला जाण्याची असते. मुलाच्या गोळ्या आणायला आई कसेही करून जाते, स्वतःच्या संपल्या तर पुढच्या खेपेवर ढकलते. दोघांच्या गोळ्या एकाच दिवशी, एकाच खेपेत आणण्याची सवय लावली की ही गळती थांबते. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत सरकारी बसमधून बायकांना फुकट प्रवास आहे. पैशामुळे टळणाऱ्या खेपा त्यामुळे कमी झाल्या आहेत.

पावसाळ्यासाठी वेगळी तयारी लागते. मिरगाआधी लाकूडफाटा आणि मीठ-मिरची भरतात तशीच गोळ्यांचीही बेगमी करावी लागते, विशेषतः फिट्सच्या. या गोळ्या अचानक बंद पडल्या तर पूर्वीपेक्षा मोठे झटके येऊ शकतात. झटका आला की माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, कांदा, बोट काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. ५ मिनिटांत तो थांबला नाही तर १०८ ला फोन करावा. हे नियम घरातल्या प्रत्येकाला आणि शेजारच्या दोन घरांना पाठ असले म्हणजे आईला रात्री जंगलातून एकटीने मदत शोधत फिरावे लागत नाही.

मनाचा भार

शरीर झिजते ते दिसते, मनाचा भार दिसत नाही. मूल असे का जन्मले याचे खापर गावात बहुतेक वेळा आईच्या माथी फुटते: ग्रहणात काही कापले असेल, नवस फेडायचा राहिला असेल, मागल्या जन्मीचे काही असेल. अपंगत्वाची खरी कारणे, म्हणजे बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणे, कावीळ मेंदूत जाणे, मेंदूज्वर, गुणसूत्रांतला फरक, तिला कोणी समजावून सांगितलेली नसतात. चाळीस वर्षांनंतरसुद्धा हे कारण नीट समजले तर तिच्या मनावरचा मोठा दगड उतरतो. पुनर्वसनाच्या कामातला हा अत्यंत मोलाचा भाग आहे आणि त्याला खर्च काही लागत नाही.

दुसरा भार एकटेपणाचा. मुलाला सोडून जाता येत नाही म्हणून आई लग्नाला जात नाही, मग जत्रेला जात नाही, मग सप्ताहातल्या भजनालाही जाईनाशी होते. काही वर्षांनी कोणी बोलावतही नाही. बचत गटाच्या बैठका चुकल्या की तिचे नाव गटातून निघते आणि कर्जाची सोयही जाते. यावर सोपा उपाय असा की गटाची बैठक तिच्याच पडवीत भरवावी. बायका घरात आल्या, मुलाजवळ बसल्या, त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला, की त्यांची त्याच्याबद्दलची भीती मोडते आणि त्यांतलीच एखादी पुढे म्हणते, “वयनी, तू जाऊन ये, मी बसते इथं.”

सतत रडू येणे, जेवणावरची वासना जाणे, पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, “दोघंही सुटलो तर बरं” असे बोलणे ही नैराश्याची लक्षणे आहेत आणि ती औषधाने व समुपदेशनाने बरी होतात. शेवटचे वाक्य कुणाच्या तोंडून निघाले तर ते सहज म्हणून सोडून देऊ नये. त्या घरी त्याच दिवशी कोणीतरी सोबतीला राहावे आणि डॉक्टरांशी बोलावे. धारवाडच्या मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कन्नडबरोबर मराठीतूनही बोलता येते.

काळजीची वही

दुसरा माणूस तयार करायचा तर आईच्या डोक्यातले सगळे ज्ञान बाहेर काढावे लागते. त्यासाठी कामाला येते ती एक साधी शंभर पानी वही. आईला लिहिता येत नसेल तर शेजारची शाळकरी मुलगी लिहिते. पहिल्या पानावर गोळ्यांची नावे, मात्रा आणि वेळा. जमल्यास रिकाम्या पाकिटाचा तुकडाच चिकटवायचा. दुसऱ्या पानावर झटका येण्याआधीची खूण: डोळा फिरतो, की हात आखडतो, की एकदम हसू येते. मग खाणे: भात किती मऊ, घास केवढा, पाणी पेल्याने की चमच्याने, आणि घास देताना मान सरळ किती धरायची, कारण मान मागे गेली तर घास श्वासनलिकेत जातो. मग भाषा: कुठला आवाज म्हणजे तहान, कुठला म्हणजे लघवी, कशाला तो भितो, कुठल्या अभंगाने शांत होतो. बोलू न शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही पाने त्याच्या वतीने बोलतात.

वहीनंतर सराव. ज्या पुतण्याला किंवा शेजारणीला शिकवायचे त्यांनी आधी पाहायचे, मग आईच्या हाताखाली करायचे, मग आई अंगणात असताना एकट्याने करायचे. घास भरवणे, कुशी बदलणे आणि शौचाला बसवणे ही तीन कामे जमली की आईला एक दिवस बाहेर जाता येते. पहिला असा दिवस तिने स्वतःच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी वापरावा. संध्याकाळी परत आल्यावर मूल रुसलेले असेल, कदाचित जेवलेले नसेल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते सवय करून घेते. आईलाही सवय करून घ्यावी लागते, कारण आपल्यावाचून मुलाचे निभावले हे पाहणे सुरुवातीला तिला जड जाते.

मुलगी अपंग असेल तर दुसरा माणूस शोधणे अधिक अवघड होते. तिच्या सुरक्षिततेच्या भीतीने आई तिला क्षणभरही नजरेआड करत नाही आणि ही भीती निराधार नसते. म्हणून इथे आळीपाळीने बसणाऱ्या दोन-तीन ओळखीच्या बायका ठरवणे बरे. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता मुलीला चित्रे दाखवून, दर महिन्याला त्याच क्रमाने करून शिकवता येते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या अनेक मुली ती स्वतः करू लागतात.

मुलाचा वाटाही धरावा लागतो. जे काम तो करू शकतो ते आईने मायेपोटी करत राहिले तर दोघांचेही नुकसान होते. जोयड्याच्या कुणबी घरात हाताला कामे भरपूर असतात: मुडली आणि करांदे या कंदांची माती झाडून लहान-मोठे वेगळे करणे, आमसोलांसाठी रातांबे फोडणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, अंगण झाडणे. यातले एक जरी काम त्याचे म्हणून ठरले तरी त्याला घरात जागा मिळते आणि आईचा तेवढा वेळ वाचतो.

कागद आणि पैसा

आई-वडिलांची झोप उडवणारी निम्मी चिंता कागदांशी निगडित असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाच्या दाखल्यावर बहुतेक सवलती ठरतात. हा दाखला आणि त्याबरोबरचे यूडीआयडी कार्ड हा पाया. त्यावर नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, मुलाची मासिक पेन्शन सुरू होते. ६५ वर्षांवरच्या गरजू पालकांना संध्या सुरक्षा योजनेतून महिन्याला १,२०० रुपये मिळतात. मुलाची पेन्शन चालू आहे म्हणून आपला अर्ज करायचा नसतो, असा गैरसमज वाडीवाडीवर आढळतो. दोन्ही वेगवेगळे हक्क आहेत.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याचा आधार आहे. मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँक, जमीन, शस्त्रक्रियेची संमती अशा ठिकाणी याची अडचण होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घेता येते आणि पुढे ते दुसऱ्या नातेवाइकाकडे देता येते. याच न्यासाच्या निरामय विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. मृत्युपत्राला मुद्रांकाचा कागद लागत नाही. साध्या कागदावर सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार पुरतात. त्यात मुलाचा वाटा कोण सांभाळील हे नावानिशी लिहावे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांनी अपंग मुलाचे नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हयातीतच नोंदवून ठेवावे. मागाहून ते सिद्ध करणे फार कठीण जाते.

जोयड्यात आणखी एक प्रश्न येतो. २००७ मध्ये दांडेली-अणशी या नावाने घोषित झालेला आणि २०१५ पासून काळी या नावाने ओळखला जाणारा व्याघ्र प्रकल्प तालुक्याच्या मोठ्या भागावर पसरला आहे. त्यातल्या वाड्यांसाठी ऐच्छिक स्थलांतराची योजना आहे आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे घरातली अपंग व्यक्ती, तिचे वय काहीही असो, स्वतंत्र कुटुंब म्हणून मोजली जाते. तिच्या नावाने येणारी रक्कम मोठी असते. ती कुठल्या खात्यात जाईल, कोणाच्या सहीने निघेल आणि तिच्याच उपयोगी पडेल कशी, हे वाडी सोडण्याआधी ठरवणे आवश्यक आहे. नव्या जागी दवाखाना जवळ येतो, पण पाच पिढ्यांचा शेजार सुटतो. मुलाला ओळखणारी घरे शक्यतो एकत्रच हलावीत, असा आग्रह पालकांनी धरण्यात काहीही गैर नाही.

“आमच्यामागं याचं कसं?”

हा प्रश्न प्रत्येक घरात आहे आणि त्याची काही उत्तरे पालकांनीच उभी केली आहेत. नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले ते स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने. बदलापूरची आधार ही पालकांनी १९९० मध्ये स्थापन केलेली संस्था प्रौढ बौद्धिक अपंगांना कायमचे घर देते. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेचे घरकुल आहे. कर्नाटकात पालकांची संघटना बांधण्यात बंगळूरच्या जे. पी. गडकरींचा मोठा वाटा होता आणि १९९५ पासून परिवार या नावाने देशभरच्या पालकसंघटना एकत्र आल्या आहेत.

दक्षिण कन्नड जिल्ह्यातही शिकण्यासारखे आहे. काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने फवारलेल्या एंडोसल्फानने किनारी कर्नाटकात अनेक घरांत गंभीर अपंगत्व आले, असे तिथल्या पालकांनी वर्षानुवर्षे मांडले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कीटकनाशकावर देशभर बंदी घातली. आंदोलनातून पीडितांना मासिक मदत मिळू लागली आणि कोक्कडा व कोयला येथे दिवसभराची संगोपन केंद्रे सुरू झाली. मूल दिवसभर केंद्रात असते तेव्हा आईला हाताशी मोकळे सात-आठ तास मिळतात: शेतकाम, दवाखाना, झोप. सांभाळणाऱ्यांसाठी याहून उपयोगी मदत दुसरी नाही.

जोयड्याच्या वाडीपासून ही सारी ठिकाणे दूर आहेत, आणि कोकणीत हाक मारली तरच ओळखणाऱ्या माणसाला परक्या शहरातल्या संस्थेत ठेवणे अनेकांना पटत नाही. तिथे छोटी मांडणी अधिक साधते. तीन-चार घरांनी मिळून आठवड्यातले दोन दिवस मुलांना शाळेच्या रिकाम्या खोलीत किंवा समाजमंदिरात एकत्र आणायचे, दोन पालकांनी थांबायचे, बाकीच्यांनी मोकळे व्हायचे. पंचायतीकडे राखीव असलेला अपंगांसाठीचा निधी अशा कामासाठी मागता येतो. पुनर्वसन कार्यकर्त्याने त्याची सुरुवात करून द्यावी.

भावंडांशी बोलणेही याच टप्प्यावर व्हावे, आई-वडील धडधाकट असताना. गोव्यातल्या मुलाने आणि सुनेने पुढे भावाला घरी न्यावे, की गावातल्या चुलतभावाने सांभाळावे आणि त्यांनी महिन्याला पैसे पाठवावेत, हे स्पष्ट ठरवावे. “बघू पुढचं पुढं” या शब्दांवर सोडलेली जबाबदारी शेवटी घरातल्या सर्वांत गरीब बाईवर येते. सुनेचे मत आधी विचारावे, कारण प्रत्यक्ष करणारी तीच असते. ज्याच्याकडे मूल जाणार, त्याच्या घरी ते वर्षातून काही दिवस आतापासून राहू लागले तर आई-वडिलांच्या मृत्यूनंतर घर आणि माणसे एकाच दिवशी सुटण्याचा आघात त्याला सोसावा लागत नाही.

पालक स्वतःच अंथरुणाला खिळले की

शेवटचा टप्पा तो, जेव्हा सांभाळणाऱ्यालाच सांभाळावे लागते. वडिलांना अर्धांगवायू होतो किंवा आई पडून खुबा मोडतो आणि घरात एकाची दोन अंथरुणे होतात. अशा वेळी आई-वडील स्वतःचे उपचार थांबवून पैसा मुलासाठी राखू पाहतात. त्यांना सांगायला हवे की खुब्याची शस्त्रक्रिया वेळेवर झाली तर आई पुन्हा चालू शकेल आणि चालली तरच मुलाजवळ बसू शकेल. दुसऱ्याकडून सेवा करून घ्यायलाही शिकावे लागते. आयुष्यभर करत आलेल्या माणसाला ते फार जड जाते. मूल शक्य तेवढा काळ त्याच घरात, त्याच वेळापत्रकाने राहील असे पाहावे. आई-वडिलांपैकी कोणी गेले तर त्यालाही अंत्यदर्शन घेऊ द्यावे. त्याला काय कळते असे म्हणून दूर ठेवलेली मुले पुढे महिनोन्‌महिने दाराकडे बघत, जेवण सोडून बसलेली आढळतात. बोलता येत नसले तरी दुःख त्यांनाही होते.

या सगळ्याचा क्रम लावायचा झाला तर आधी उचलण्याची रीत बदलावी आणि पालकांच्या तपासण्या कराव्यात, कारण त्याला कुणाची वाट पाहावी लागत नाही. त्याच महिन्यात वही सुरू करावी आणि एक माणूस शिकवायला घ्यावा. दाखला, पेन्शन आणि पालकत्वाचे कागद वर्षभरात पुरे करावेत, भावंडांशी बोलणे त्याच वर्षी करावे. चार घरांनी एकत्र येण्याला वेळ लागतो, पण पहिली तीन कामे झालेल्या घरांतूनच असे गट उभे राहतात, कारण तिथल्या आईला बैठकीला यायला सवड मिळालेली असते.